बालवाडीची बाई : एका पेशाची घडण आणि तिच्यामागच्या संस्था
(बोरगाव–सौंसर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सावनेर मागे टाकून राज्याची सीमा ओलांडतो आणि सौंसर तालुक्यात शिरतो. याच तालुक्यात बोरगाव आहे. कापूस आणि संत्र्यांच्या या मुलखात मध्यप्रदेश शासनाने औद्योगिक केंद्र उभारले आणि १९९१ मध्ये रेमंडचा कापड कारखाना सुरू झाला. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आले आहेत. राज्य मध्यप्रदेश, कारभाराची भाषा हिंदी, पण बहुसंख्य घरांतली बोली मराठी आणि मुस्लिम मोहल्ल्यांतून उर्दू असा हा भाषिक सरहद्दीचा प्रदेश आहे.

अशा गावातील तीन ते सहा वर्षांचे मूल घराबाहेर पडून प्रथम ज्या व्यक्तीच्या हाती जाते, ती बालवाडीची किंवा अंगणवाडीची बाई. महाराष्ट्रात तिला सेविका म्हणतात, सीमेपलीकडे मध्यप्रदेशात कार्यकर्ता. शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांचे, महाविद्यालयांचे आणि थोर संस्थापकांचे उल्लेख विपुल आहेत; या बाईच्या पेशाचा इतिहास मात्र क्वचितच सलगपणे मांडला जातो. तिला शिकवले कोणी? तिच्या पाठीशी कोणत्या संस्था उभ्या राहिल्या? ती ज्या पायरीवर कामाला लागली, तिच्यावर दुसरी पायरी होती काय? या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत निबंधात पूर्वप्राथमिक शिक्षिकेच्या पेशाचा आढावा घेतला आहे. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या अनेक मुली याच वाटेवर पाऊल टाकतात. म्हणून हा प्रश्न त्यांच्या अध्यापकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

उस्तानी आणि मकतब

लहान मुलाच्या शिक्षणाचा विचार हिंदुस्थानात बाहेरून आला असे सरसकट म्हणता येत नाही. मुस्लिम घरांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्ला'चा समारंभ करण्याची रीत होती. त्या दिवशी मुलाकडून पहिली अक्षरे म्हणवून घेतली जात आणि त्याच्या तालमीचा आरंभ झाला असे मानले जाई. मशिदीला जोडलेल्या मकतबात मौलवीसाहेब शिकवीत, तर मुलींना आणि अगदी लहान मुलांना घरात किंवा मोहल्ल्यातील एखाद्या दालनात 'उस्तानी' शिकवी. कुराणशरीफाचे वाचन, थोडे लिहिणे, शिवणटिपण आणि अदब-तहजीब असे तिच्या शिकवण्याचे स्वरूप असे.

या उस्तानीला समाजात मान होता. परंतु तिच्या कामाला आज ज्या अर्थाने पेशा म्हणतात ते रूप नव्हते. तिचे शिक्षण घरातच झालेले असे. मोबदला बहुधा नजराणा, धान्य किंवा सणासुदीच्या कपड्यांच्या रूपात मिळे. तिच्यामागे संस्था नव्हती, तिच्या अनुभवाची नोंद नव्हती आणि वय झाल्यावर तिला आधार नव्हता. मान आहे, पण मोल ठरलेले नाही, ही तिची अवस्था होती. पुढील शंभर वर्षांच्या इतिहासात हीच अवस्था निरनिराळ्या नावांनी पुन्हा भेटते, म्हणून ती येथे आरंभीच नोंदवली आहे.

भावनगर ते बोर्डी

बालशिक्षिकेला शास्त्रीय प्रशिक्षण हवे, हा विचार पश्चिम भारतात रुजवण्याचे श्रेय गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) आणि ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांना जाते. गिजुभाई मूळचे वकील. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांनी प्रभावित होऊन त्यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की साधने मागवता येतात, शिक्षिका मागवता येत नाहीत. त्या घडवाव्या लागतात. म्हणून बालमंदिराच्या जोडीला त्यांनी अध्यापन मंदिर काढले. शाळा आणि शिक्षिकांची शाळा एकाच आवारात असावी, ही त्यांची मांडणी पुढील सर्व कार्याचा पाया ठरली.

ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य काही वर्षे अमरावतीला होते. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. प्रतिष्ठेचे आणि निश्चित वेतनाचे हे पद सोडून १९२३ च्या सुमारास त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. त्या काळी मोठ्यांच्या शिक्षणातून लहानांच्या शिक्षणाकडे जाणे म्हणजे पायरी उतरणे असे समजले जाई. ताराबाईंनी ही समजूत स्वतःच्या कृतीने खोटी ठरवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षण पत्रिका' या नियतकालिकातून आणि संमेलनांतून विखुरलेल्या शिक्षिकांना एकत्र आणण्याचे काम संघाने केले. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले आणि मराठी बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाला तेथे स्थिर जागा मिळाली.

पुढे १९३९ मध्ये मारिया मॉन्टेसरी स्वतः मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि युद्धकाळात त्यांचा मुक्काम भारतातच राहिला. त्यांच्या अभ्यासक्रमांतून देशभरातील शिक्षक तयार झाले. परंतु त्यांची साधने महाग होती आणि हे शिक्षण बव्हंशी शहरी, सुस्थित घरांपर्यंतच पोचत होते. खेड्यातील मुलाचे काय, हा प्रश्न अनुत्तरित होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांना सहकारी मिळाल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). बालवयातच विधवा झालेल्या अनुताईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली, ती सांभाळून मॅट्रिकची परीक्षा दिली. कस्तुरबा ट्रस्टने बोरिवलीला भरवलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांचा ताराबाईंशी परिचय झाला आणि त्या बोर्डीला आल्या. म्हणजे एका व्यक्तीच्या या वाटचालीत शिक्षिका प्रशिक्षण, मुलींची शाळा, कस्तुरबा ट्रस्ट आणि नूतन बाल शिक्षण संघ अशा चार आधारांचा सहभाग दिसतो. अनुताईंची जिद्द असामान्य होतीच. पण प्रत्येक वळणावर त्यांना हात देणारी एखादी संस्था उभी होती, हे विसरून चालत नाही.

बोर्डीला एक अनुभव निर्णायक ठरला. मध्यवर्ती बालवाडीत दलित वस्तीतील मुले फारशी येईनात. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, असे ठरले. बाईंनी साहित्य घेऊन वस्तीवर जायचे, तेथेच मुलांना आंघोळ घालायची, तेथेच गाणी, खेळ आणि गोष्टी. यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती पद्धत जन्माला आली. १९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या जवळ हलवण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून गणित आणि भाषा शिकवली गेली. शिक्षिकांचे प्रशिक्षणही तेथेच, त्याच मुलांच्या सान्निध्यात होई. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

कोसबादचे स्मरण आपण बहुधा त्यागाची कथा म्हणून करतो. इतिहासाच्या दृष्टीने तेथील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तेथे आलेल्या साध्या शिकलेल्या मुलीला शिकण्याची सोय होती, मार्गदर्शन करणारी ज्येष्ठ शिक्षिका होती, आणि शिकता शिकता ती स्वतः इतरांना शिकवू लागे. बालसेविका, शिक्षिका, प्रशिक्षिका अशी चढती वाट तेथे प्रत्यक्ष अस्तित्वात होती.

सेवाग्राम आणि जामिया

कोसबाद पश्चिमेच्या समुद्रकिनाऱ्याजवळ. बोरगावला भूगोलाने अधिक जवळची परंपरा वर्ध्याची आहे. १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे जुन्या मध्यप्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही समितीवर होते. या समितीच्या अहवालातून नई तालीमची, म्हणजे मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली आणि सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला.

या योजनेतील एक मर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सात वर्षांखालील मूल तिच्या कक्षेबाहेर राहिले. तुरुंगातून सुटून आल्यानंतर गांधीजींनी नई तालीमचे क्षेत्र वाढवले आणि जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतचे शिक्षण असा तिचा व्यापक अर्थ स्वीकारण्यात आला. त्यातून 'पूर्व बुनियादी' हा टप्पा निश्चित झाला. आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली सेवाग्रामला त्याचे प्रयोग झाले आणि शांताबाई नारुलकर यांनी ते काम नावारूपास आणले. स्वच्छता, आहार, खेळ आणि घरातील माऊलीशी सतत संवाद हे त्याचे घटक होते. आईला शिकवल्याशिवाय मूल शिकत नाही, हे सूत्र तेथे मानले गेले.

दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये याच काळात समांतर काम चालू होते. बर्लिनमध्ये शिकत असताना झाकिर हुसेन यांचा परिचय गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू जर्मन विदुषीशी झाला होता. जर्मनीत नाझी सत्ता प्रबळ होत असताना त्या हिंदुस्थानात आल्या आणि जामियाच्या लहान मुलांच्या शिक्षणात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे आणि विद्यापीठाचे पाळणाघर आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. मुस्लिम समाजाच्या एका शिक्षणसंस्थेने लहान मुलांचे शिक्षण दुय्यम न मानता त्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीला मानाची जागा दिली, हे उदाहरण आपल्या संस्थांसाठी आजही मोलाचे आहे. उर्दूत मुलांसाठी गोष्टी लिहिणारे झाकिर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. विद्वत्ता आणि लहान मूल यांत त्यांनी कधी अंतर मानले नाही.

मंडळे, अनुदाने आणि बालसेविका

स्वातंत्र्यानंतर बालशिक्षणाची जबाबदारी कोणाची, याचे स्पष्ट उत्तर दिले गेले नाही. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते, पण प्रत्यक्षात शासनाने प्राथमिक शाळा आपल्याकडे घेतली आणि त्याआधीची वर्षे स्वयंसेवी संस्थांवर सोपवली. ऑगस्ट १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या अनुदानातून देशभर महिला मंडळांनी बालवाड्या उघडल्या. १९५२ मध्ये भारतीय बालकल्याण परिषद स्थापन झाली होती; तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९६१–६६) तिच्यामार्फत बालसेविका प्रशिक्षणाचा कार्यक्रम राबवण्यात आला. १९६४ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या कार्यकर्त्यांची अखिल भारतीय संघटना निघाली. १९६६ चा कोठारी आयोगाचा अहवाल आणि १९७२ चा मीना स्वामिनाथन अभ्यासगटाचा अहवाल यांनी शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची सांगड घालण्याच्या विचाराला बळ दिले.

या काळातील बालवाडीच्या बाईची स्थिती संमिश्र होती. तिला संस्थेचे छत्र होते, पण संस्था अनुदानावर आणि अनुदान वर्षावर्षाच्या मंजुरीवर अवलंबून होते. अनुदान थांबले की बालवाडी बंद पडे आणि बाईचा अनुभव कोणत्याही कागदावर उरत नसे. उस्तानीच्या अवस्थेशी याचे साम्य सहज ध्यानात येते.

१९७५ : अंगणवाडीचा विस्तार

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील सुरुवातीच्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या धारणीचा समावेश होता. पांढुर्णा ज्या अमरावती जिल्ह्याला लागून आहे, त्याच जिल्ह्यातील हा आदिवासी तालुका. योजनेच्या केंद्राला नाव दिले गेले ताराबाईंच्या शब्दाचे : अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका केंद्रातून द्यायच्या होत्या. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. लहान मुलांसाठी एवढे विशाल जाळे जगात क्वचितच आढळेल.

या योजनेने खेड्यापाड्यातील लाखो स्त्रियांना घराजवळ काम दिले. सेविका त्याच गावची रहिवासी असावी ही अट विशेष महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे दलित, आदिवासी आणि मुस्लिम वस्त्यांतील अल्पशिक्षित स्त्रीलाही संधीचे दार उघडले. हे योजनेचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु कोसबादचा शब्द घेतला गेला, तेथील घडण मात्र घेतली गेली नाही. कोसबादला बाईचे मुख्य काम मुलाला शिकवणे हे होते. नव्या योजनेत शिकवणे हे सहा सेवांपैकी एक झाले. सुरुवातीला काही महिन्यांचे असलेले प्रशिक्षण पुढे २६ कामाच्या दिवसांवर आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला कर्मचारी न म्हणता 'मानसेवी' म्हटले गेले. तिला वेतन नव्हे, मानधन ठरले : प्रारंभी बिगर-मॅट्रिक सेविकेला महिना १०० रुपये आणि मॅट्रिक सेविकेला १५० रुपये. 'मान' आणि 'धन' यांच्या जोडशब्दात धनाची बाजू कायम हलकीच राहिली.

मानधनापासून हक्काकडे

ही परिस्थिती बदलण्यासाठी सेविकांना स्वतःच संघटित व्हावे लागले. राज्याराज्यांत त्यांच्या संघटना निघाल्या आणि १९८९ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीसांचा एक अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पूर्वीच्या काळात बाईच्या पाठीशी संस्था उभ्या राहत. आता बायकांनी स्वतःचीच संस्था उभी केली, हा या पेशाच्या इतिहासातील मोठा बदल होय.

न्यायालयांतील दोन निकाल या प्रवासाचे टप्पे दाखवतात. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत. म्हणजे शासनाचे काम करूनही त्या शासनाच्या सेवेत नाहीत. पंधरा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस १९७२ च्या कायद्यानुसार उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचे मान्य केले. शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमातील शाळापूर्व शिक्षणाचे काम त्या करतात, या बाबीचा न्यायालयाने आवर्जून विचार केला. ज्या 'शिकवण्या'ला योजनेत सहावा हिस्सा मिळाला होता, त्याच शिकवण्याने तिच्या हक्काला आधार दिला, ही गोष्ट अध्यापकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मानधनातही हळूहळू वाढ झाली. सेविकेसाठी केंद्राने ठरवलेली रक्कम २००८ मध्ये १५०० रुपये, २०११ मध्ये ३००० रुपये आणि ऑक्टोबर २०१८ पासून ४५०० रुपये झाली. राज्ये आपली भर वेगळी घालतात. ऑगस्ट २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी बढतीची वाटही रुंद केली. सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे अनुभव असलेल्या मदतनीसांमधून आणि पर्यवेक्षिकांची निम्मी पदे पाच वर्षे अनुभव असलेल्या सेविकांमधून, इतर पात्रता पूर्ण होत असल्यास, भरावयाची आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्यापेक्षा कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर दूरशिक्षणाने करता येते. कागदावर तरी पायऱ्या दिसू लागल्या आहेत.

बोरगावचा प्रश्न : भाषा, कारखाना आणि मोहल्ला

हा सर्व इतिहास बोरगावसारख्या गावात आणून पाहिला म्हणजे तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख त्याच्यासोबत. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हा अनुच्छेद आला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे उत्तरदायित्व राज्यांवर टाकले गेले. प्रत्यक्षात या भागातील मूल घरी मराठी किंवा उर्दू आणि शाळेत हिंदी अशा दोन काठांवर वाढते. या दोन काठांमधला पूल म्हणजे अंगणवाडीची बाई. ती गावचीच असल्याने मुलाच्या घरची भाषा तिला येते. तिच्या हाती येणारे प्रशिक्षण आणि साहित्य मात्र राज्याच्या भाषेत असते. मुलाची बोली ही अडचण नसून शिकवण्याचे पहिले साधन आहे, हे कोसबादच्या वारली वस्त्यांत सिद्ध झाले होते. सरहद्दीवरच्या बाईला हेच कोणी पद्धतशीरपणे शिकवले, तर तिच्या दोन-तीन भाषा हीच तिची पात्रता ठरेल.

दुसरी गोष्ट कारखान्याची. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणण्यात आली. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तेथे स्त्रियांच्याच संख्येची अट राहिली नाही. औद्योगिक गावात आईच्या कामाच्या वेळा आणि अंगणवाडीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून पाळणाघर ही तेथील खरी गरज असते. पाळणाघर चालवणारी प्रशिक्षित स्त्री हा बालशिक्षणातील स्वतंत्र पेशा आहे, याकडे आपल्या अभ्यासक्रमांचे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. कायदा खोली मागतो. त्या खोलीत उभी राहणारी बाई तयार करण्याचे काम शिक्षणसंस्थांचे आहे.

तिसरी गोष्ट मोहल्ल्याची. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या न्या. सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम मुलांपर्यंत अंगणवाडीच्या सेवा फार कमी प्रमाणात पोचत असल्याचे निदर्शनास आणले. त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या नव्या पंधरा कलमी कार्यक्रमातील पहिलेच कलम अल्पसंख्य वस्त्यांना बालविकास सेवांचा न्याय्य वाटा देण्याविषयी होते. वस्तीत अंगणवाडी मंजूर होणे आणि त्या वस्तीतील मुलगी सेविकेच्या पदाला पात्र असणे या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. मुलगी आठवी-नववीत शाळा सोडत असेल, तर जागा निघूनही ती बाहेरच राहते. कालच्या उस्तानीची नात आज कागदोपत्री अपात्र ठरते. तिच्या आजीकडे असलेला लहान मुलांना सांभाळून शिकवण्याचा हुन्नर तिच्याकडेही असू शकतो, पण त्याला प्रमाणपत्राची जोड नसते.

निष्कर्ष

वरील आढाव्यातून एक सूत्र हाती लागते. बालशिक्षिकेच्या पेशाला तीन गोष्टी लागतात : मुलांच्या सान्निध्यात मिळालेले प्रशिक्षण, पाठीशी उभी राहणारी संस्था आणि वर जाण्यासाठी पुढची पायरी. उस्तानीला यांतले काहीच नव्हते, केवळ मान होता. भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाद, सेवाग्राम आणि जामिया येथे तिन्ही गोष्टी होत्या, पण मोजक्या स्त्रियांसाठी. १९७५ नंतर शासनाने लाखो स्त्रियांना काम दिले, परंतु प्रशिक्षण आखूड केले आणि पायऱ्या दीर्घकाळ घडवल्याच नाहीत. संघटना, न्यायालये आणि अलीकडची धोरणे यांनी त्या पायऱ्या आता काही अंशी बांधल्या आहेत. उणीव आहे ती त्यांच्यापर्यंत मुलीला पोचवणाऱ्या संस्थेची.

ही जागा समाजाच्या शिक्षणसंस्था भरून काढू शकतात. मुलींना बारावीपर्यंत टिकवणे, मुक्त विद्यापीठाच्या पदविकेसाठी अभ्यासकेंद्राशी त्यांना जोडून देणे, सरावासाठी महाविद्यालयाच्या आवारात एखादी बालवाडी चालवणे आणि मराठी, उर्दू व हिंदी या तिन्ही भाषांत गाणी, गोष्टी व खेळांचे साहित्य तयार करणे, यांतील कोणतेही काम एखाद्या मध्यम संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. गिजुभाईंनी शाळा आणि शिक्षिकांची शाळा एकाच आवारात ठेवली, ती पैशाच्या बळावर नव्हे, तर दोन्ही एकच काम आहे हे ओळखून.

नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरच्या बोरगावात आज जे मूल तीन वर्षांचे आहे, ते पहिलीत जाईल तेव्हा ज्या भाषेत ते गप्प बसेल किंवा बोलू लागेल, ते बरेचसे त्या एका बाईवर अवलंबून असेल. त्या बाईला कोणी शिकवले, याचे उत्तर पुढच्या काळातील इतिहासलेखक शोधतील. ते उत्तर देता येईल अशी नोंद आपल्या संस्थांच्या दप्तरी असावी, एवढे काम आजच्या अध्यापकांच्या हातचे आहे.